दगडी बाणाग्रे : खरी, नकली आणि बिनपत्त्याची

काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. एका वर्गखोलीत ‘आपला प्राचीन वारसा’ असा विभाग मांडला होता. तांबड्या मखमलीवर अकीक दगडाची सात बाणाग्रे ठेवली होती. प्रत्येकाची लांबी बोटाएवढी, बुडाशी दोन्ही बाजूंना दोरा बांधण्यासाठी खाचा, रंग मधासारखा आणि आरपार. खाली चिठ्ठी होती : ‘अश्मयुगीन बाणाची टोके, अंदाजे ५००० वर्षांपूर्वीची.’ त्याच टेबलाच्या कडेला खडूच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून नखाएवढे वीस-पंचवीस दगडी तुकडे ठेवले होते. त्यांच्या चिठ्ठीवर फक्त ‘दगडाचे तुकडे, नदीकाठ’ एवढेच लिहिलेले होते.

मखमलीवरची बाणाग्रे एका हितचिंतकाने शहरातील दुकानातून विकत घेऊन शाळेला भेट दिली होती. प्रदर्शनाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांनी विचारले, “सर, ही खरी आहेत ना? आम्ही सगळ्या कसोट्या लावून पाहिल्या आहेत.” त्यांनी खरोखरच लावल्या होत्या. एका छंदविषयक पुस्तिकेतून त्यांनी कसोट्यांची यादी उतरवून घेतली होती आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली होती. सातही बाणाग्रे पास झाली होती. मात्र ती आधुनिक होती. खडूच्या खोक्यातील निदान सात-आठ तुकडे मात्र अस्सल प्राचीन हत्यारे होती. दोन्ही कडा समांतर असलेली, पाठीवरून एक सरळ कणा गेलेली ती पाती हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी जाणीवपूर्वक काढलेली होती.

या चुकीबद्दल शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकाने करावे तेच केले, म्हणजे तपासून पाहिले. दोष कसोट्यांचा आहे. अशा याद्या पुस्तिकांत, संग्राहकांच्या गप्पांत आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत नेहमी आढळतात. त्या वाचायला शास्त्रीय वाटतात. त्यांची परीक्षा मात्र क्वचितच कोणी घेतो. या लेखात आपण ती घेऊ.

ओबडधोबड म्हणजे जुने?

यादीतील पहिली कसोटी अशी : वस्तू फार सुबक असेल तर ती नकली समजावी, कारण आदिमानव इतके सुबक काम करू शकत नव्हता. या विधानात पुराव्यापेक्षा आपला अहंकार अधिक आहे. फ्रान्स-स्पेनमधील सोल्युत्री काळातील, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची, पानाच्या आकाराची पाती इतकी पातळ आणि प्रमाणबद्ध आहेत की आजचे निष्णात दगडघडवेही ती सहज करू शकत नाहीत. याउलट घाईने केलेली आधुनिक नक्कल हमखास ओबडधोबड असते. म्हणजे ही कसोटी नेमकी उलट निकाल देऊ शकते. तिने एक गैरसमजही पसरतो, तो असा की जुनी माणसे अडाणी होती. विद्यार्थ्यांच्या मनात हा समज रुजवणे हे नकली बाणाग्र मांडण्यापेक्षा जास्त नुकसानीचे आहे.

चकाकी आणि धार

दुसरी कसोटी : चकाकणारा दगड नवा, निस्तेज दगड जुना. अकीक, कॅल्सेडनी किंवा चर्ट योग्य रीतीने तापवले की ते अधिक चांगले फुटतात आणि फुटलेल्या पृष्ठभागाला मेणासारखी चकाकी येते. आजचे कारागीर दगड तापवतात हे खरेच आहे. पण ही युक्ती आजची नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील पिनॅकल पॉइंट येथे माणसे निदान ७२ हजार वर्षांपूर्वी हत्यारांसाठी दगड नियमितपणे तापवत होती. हडप्पा संस्कृतीतील मणीकारही अकीक तापवूनच त्याला लाल रंग आणत. तेव्हा सर्वांगावरची चकाकी नवेपणाही सिद्ध करत नाही आणि जुनेपणाही नाही.

एक चकाकी मात्र अर्थपूर्ण असते. दगडी पात्यांनी गवत किंवा धान्याची कणसे दीर्घकाळ कापली तर फक्त कापणाऱ्या कडेला, चिंचोळ्या पट्ट्यात, झिलई चढते. बाकीचे पाते निस्तेजच राहते. झिलई कोठे आहे आणि कोठे नाही, हे पाहिले तर दगड त्याच्या कामाविषयी काही सांगतो.

धारेचेही तसेच. ‘जुनी धार बोथट होते’ असे यादी सांगते. नदीच्या प्रवाहात गडगडत आलेल्या दगडाबाबत हे खरे आहे. पण बारीक गाळात शांतपणे पडून राहिलेले कॅल्सेडनीचे पाते आजही बोट कापते. सिलिका गंजत नाही.

पुट आणि माती

तिसरी कसोटी सर्वांत लोकप्रिय आहे. दगड जुना असेल तर त्यावर पुट चढलेले असते, त्याला इंग्रजी वळणाने पॅटिना म्हणतात. यामागे खरे रसायनशास्त्र आहे. जमिनीतील पाणी दगडाच्या बाह्य थरातील थोडी सिलिका विरघळवून नेते. थर सच्छिद्र होतो, त्यात प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग पांढरट दिसू लागतो. पाणी जितके अल्कधर्मी, तितकी ही क्रिया वेगाने होते. तापी खोऱ्यातील काळ्या मातीत चुनखडीचे खडे विपुल असतात. त्यामुळे पुटाखेरीज चुन्याचा पातळ थरही दगडावर बसलेला आढळतो.

परंतु पुट चढण्याचा वेग माती, पाणी, तापमान आणि दगडाचा पोत या चार गोष्टींवर अवलंबून असतो. एकाच शेतात, एकाच काळचे दोन तुकडे, एक पांढरा आणि एक काचेसारखा स्वच्छ, असे मिळू शकतात. पुट हे घड्याळ नव्हे. शिवाय तीव्र अल्कलीने ते आणताही येते. मातीचे तर विचारूच नये. ओल्या मातीत आठ दिवस पुरलेला दगड पाहणाऱ्याला सहज फसवतो.

पुटाचा उपयोग आहे तो तुलनेसाठी. एकाच वस्तूवरील वेगवेगळ्या कपच्या जेथून उडाल्या त्या खोलगट जागा पाहाव्यात. सर्वांवर सारखेच पुट असेल तर त्या साधारण एकाच काळातल्या असण्याचा संभव आहे. जुन्या पांढरट पृष्ठभागात मधूनच स्वच्छ, ताजी खोबण दिसली तर ती नंतरची. ती खोबण नक्कल करणाऱ्याची असेल किंवा ट्रॅक्टरच्या फाळाचीही असेल. येथेही निकाल देण्यापूर्वी दगड कोठे पडला होता हे माहीत असावे लागते.

भिंग काय दाखवते

“भिंगाखाली पाहिले की कळते,” असे म्हणतात. काय कळते, हे नीट समजून घेतले पाहिजे. अकीकासारखा दगड आघाताने फुटतो तेव्हा आघाताच्या बिंदूखाली एक फुगवटा तयार होतो आणि त्याभोवती शिंपल्यासारख्या लाटा उमटतात. त्यावरून घाव कोणत्या दिशेने बसला हे कळते. घाव दगडी हातोड्याचा, शिंगाच्या मऊ टोकाचा की पोलादी अणकुचीचा, याचाही अंदाज येतो. पोलादी टोकाने काम केले असेल तर कडेवर चिरडल्याच्या खुणा आणि कधी धातूचे सूक्ष्म कण सापडतात. ते सापडले तर संशयाला जागा आहे.

पण दगड फुटण्याचे भौतिकशास्त्र पाच हजार वर्षांत बदललेले नाही. भेग कशी गेली हे दगडावर लिहिलेले असते, ती केव्हा गेली हे लिहिलेले नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड सिम्पसन नावाचा एक भटक्या गृहस्थ ‘फ्लिंट जॅक’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. त्याने बनवलेली गारेची बाणाग्रे संग्रहालयांनी आणि विद्वानांनी अस्सल म्हणून विकत घेतली. अखेर १८६२ साली त्याने लंडनमध्ये भूशास्त्रज्ञांच्या सभेत सर्वांसमक्ष दगड फोडून दाखवले. भिंगे त्या विद्वानांकडेही होती.

आपल्या भागात भिंगाला आणखी एक अडचण येते. आगपेटी घरोघर पोचण्यापूर्वी गुराखी आणि शेतकरी चकमक वापरत. पोलादाच्या तुकड्यावर गारगोटी आपटून ठिणगी पाडत. अशा गारगोटीच्या कडा ठेचलेल्या आणि बारीक कपच्या उडालेल्या असतात. ती माणसाने वापरलेली आहे, जुनीही आहे, पण अश्मयुगीन नाही. बैलगाडीच्या चाकाखाली किंवा नांगराने फुटलेल्या गारगोट्याही हत्यारासारख्या दिसू शकतात. म्हणजे प्रश्न ‘खरे की नकली’ एवढ्या दोनच पर्यायांचा नाही.

मग प्रयोगशाळेत पाठवावे?

शिक्षकांचा पुढचा प्रश्न हाच होता. “सर, कार्बन चाचणी केली तर?” संशोधन हाच व्यवसाय असल्यामुळे येथे मला माझ्या क्षेत्राच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. कार्बन-१४ पद्धत एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थाचे वय सांगते. लाकूड, कोळसा, हाड, धान्य यांना ती लागू पडते. अकीकाला ती लागू पडत नाही.

दुसरी पद्धत उष्मादीप्तीची. खनिजावर आजूबाजूच्या किरणोत्साराचा मारा होत राहतो आणि त्याची ऊर्जा स्फटिकात साठत जाते. दगड तापवला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि साठा शून्यावर येतो. पुढे तो पुन्हा भरू लागतो. साठलेली मात्रा भागिले दरवर्षीची मात्रा म्हणजे शेवटच्या तापवण्यानंतरची वर्षे. चुलीत पडून भाजलेल्या गारेच्या हत्यारांसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण दगड कधी तापलाच नसेल तर? दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि त्याच्या पोकळ्यांत नंतर अकीक तयार झाले. तो साठा केव्हाच काठोकाठ भरलेला असतो. काल संध्याकाळी घडवलेले, न तापवलेले बाणाग्र या यंत्राला अश्मयुगापेक्षाही प्राचीन वाटेल!

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. दरवर्षीची मात्रा काढायची तर दगड ज्या मातीत पडला होता तिच्यातील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम मोजावे लागते. म्हणजे लाखो रुपयांचे यंत्रसुद्धा शेवटी तोच प्रश्न विचारते, जो पुस्तिकेच्या यादीत कोठेही नाही : हा दगड सापडला कोठे?

आकारालाही गाव असते

आता मखमलीवरच्या बाणाग्रांकडे परत येऊ. ती आधुनिक आहेत हे कशावरून ठरवले? सर्वप्रथम आकारावरून. बुडाशी दोन खाचा असलेले, दोन्ही पृष्ठांवर कपच्या काढून घडवलेले मोठे बाणाग्र म्हटले की उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या हत्यारांची आठवण होते. तिकडे ती परंपरा समृद्ध आहे. तापी खोऱ्याची परंपरा वेगळी आहे.

आपल्याकडे मध्याश्मयुगापासून ताम्रपाषाणयुगापर्यंत जी दगडी हत्यारे विपुल मिळतात ती लहान असतात. सडपातळ पाती, चंद्रकोरी, त्रिकोण, समलंब चौकोन असे त्यांचे आकार. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. एकटे सूक्ष्मास्त्र म्हणजे पूर्ण हत्यार नव्हे. अशी अनेक पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंक-राळेने बसवून विळा, भाला किंवा बाण तयार होई. स्वीडनमधील लोशुल्ट येथे दलदलीत टिकून राहिलेल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बाणाला राळेने चिकटवलेली सूक्ष्मास्त्रे जागच्या जागी आहेत. एक टोकाला, एक बाजूला काट्यासारखे. मध्य प्रदेशातील भीमबेटक्याच्या चित्रांतही काटेरी बाण आणि भाले दिसतात. म्हणजे आपल्याकडे ‘बाणाचे टोक’ शोधायचे तर ते खडूच्या खोक्यातल्या नखाएवढ्या चंद्रकोरीत शोधावे लागेल.

याचा पुरावा नंदुरबार जिल्ह्यातच आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. तेथील सर्वांत खालच्या, ताम्रपाषाणयुगीन थरांत रंगीत खापरांबरोबर कॅल्सेडनीसारख्या दगडाची पाती आणि सूक्ष्मास्त्रे मिळाली. वरच्या थरांत लोखंड आले. शहादा तालुक्यातीलच सावळदा या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले आहे. आपल्या गावाचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत एका संपूर्ण संस्कृतीला दिलेले आहे, हे तालुक्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

येथे एक सावधगिरी हवी. ‘भारतात दोन्ही पृष्ठांवर घडवलेली टोके कधीच नव्हती’ असे म्हणणे चूक ठरेल. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तेरी स्थळांवर तशी लहान टोके मिळाली आहेत. मुद्दा एवढाच की प्रत्येक आकाराला त्याचा प्रदेश आणि काळ असतो. अनोळखी आकार समोर आला तर पुरावा देण्याची जबाबदारी तो आणणाऱ्यावर पडते.

दुसरा पुरावा शाळेच्या तराजूनेच दिला. मखमलीवरील एक बाणाग्र वजन केले तर चौदा ग्रॅम भरले. उत्तर अमेरिकेत दांडीसह टिकून राहिलेल्या बाणांची मापे घेतली गेली तेव्हा त्यांची दगडी टोके सरासरी दोन ग्रॅमच्या आसपास भरली. हे मी शिक्षकांना समजावून सांगत होतो. तेवढ्यात धडगावकडून नातवाचे प्रदर्शन पाहायला आलेल्या एका आजोबांनी ते टोक तळहातावर घेतले, एकदोनदा वरखाली केले आणि म्हणाले, “याचा बाण जाणार नाही, साहेब. इथंच पडेल.” त्यांचे तरुणपण तीरकामठ्यासह गेले होते. लोखंडी टोकाचे बाण त्यांनी स्वतः तयार केले होते. मी भिंग काढण्याआधीच त्यांनी निकाल दिला होता आणि त्याला आधार होता तो वापराचा. जुन्या हत्याराची परीक्षा करताना ‘याने काम होईल का?’ हा प्रश्न यादीत सर्वांत वर असायला हवा. तो विचारू शकणारी माणसे आपल्या सातपुड्यात आहेत आणि आपण त्यांना क्वचितच विचारतो.

खंबायतचा कारागीर खोटारडा नव्हे

ही बाणाग्रे येतात कोठून? फार दूरून नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीत राजपीपळ्याच्या टेकड्या लागतात. त्या भागातील रतनपूर येथील अकीकाच्या खाणी प्रसिद्ध आहेत. तेथील दगड खंबायतला जातो. तेथे तो वाळवतात, तापवतात आणि मग घडवतात. कारागीर जमिनीत लोखंडी अणकुची रोवतो, दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि शिंगाचे डोके असलेल्या हलक्या हातोडीने वरून ठोकतो. कपची खालून, अणकुचीच्या बाजूने उडते. जोनाथन मार्क केनॉयर, मासिमो विदाले आणि कुलदीप भान यांनी हे काम कारागिरांजवळ बसून अभ्यासले, कारण हडप्पाचे मणी कसे होत असतील याचा उलगडा त्यातून होतो.

याच खंबायतमधून अकीकाची बाणाग्रे घाऊक प्रमाणात परदेशी जातात. अमेरिकेत ‘इंडियन’ बाणाग्र म्हणजे तेथील मूलनिवासींचे बाणाग्र. तेथील दुकानांत विकली जाणारी अकीकाची पुष्कळशी ‘इंडियन’ बाणाग्रे खरोखरच इंडियन असतात, पण ती भारतातली आणि आजची! त्यांचा आकार अमेरिकेच्या मागणीबरहुकूम दिलेला असतो. त्यातलीच काही आपल्याकडील दुकानांत ‘अश्मयुगीन’ म्हणून उलटी फिरून येतात.

कारागीर फसवणूक करत नाही. तो बाणाग्राच्या आकाराची वस्तू करतो आणि वस्तू म्हणून विकतो. त्याचे कसब चार-साडेचार हजार वर्षांच्या परंपरेशी नाते सांगणारे आहे. त्याची किंमतही तो मोजतो. अकीकाच्या धुळीतील सिलिकामुळे खंबायतच्या कारागिरांत सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग आढळतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केलेला आहे. वस्तू नकली होते ती चिठ्ठी लावताना. ‘खंबायत, अकीक, आधुनिक’ अशी चिठ्ठी लावली तर तीच सात बाणाग्रे शाळेच्या संग्रहात मानाने बसू शकतील.

प्रतिकृती ही विज्ञानाची गरजही आहे. दगडी कडेवर मांस कापल्याने कोणती झीज होते आणि गवत कापल्याने कोणती, हे कळण्यासाठी संशोधक स्वतः हत्यारे घडवतात, वापरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या हत्यारांशी त्यांची तुलना करतात. प्रतिकृती नसत्या तर अस्सल हत्यारांविषयी आपल्याला आज जे कळते त्यातील बरेचसे कळले नसते.

वस्तू खरी, पत्ता खोटा

याच्या नेमकी उलट गोष्ट जपानमध्ये घडली. शिनिची फुजिमुरा नावाचा हौशी पुरातत्त्वज्ञ वर्षानुवर्षे अधिकाधिक जुन्या थरांतून दगडी हत्यारे शोधून काढत होता. जपानमधील मानवी वस्तीचा काळ त्याच्या शोधांमुळे लाखो वर्षे मागे गेला आणि पाठ्यपुस्तकांतही तसा उल्लेख आला. ऑक्टोबर २००० मध्ये कामिताकामोरी येथे पहाटे खड्डा करून हत्यारे पुरताना ‘माइनिची’ वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी त्याला टिपले. ५ नोव्हेंबर २००० रोजी ती छायाचित्रे छापून आली आणि त्याने कबुली दिली.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याने पुरलेले बरेचसे दगड अस्सल प्राचीन होते. नंतरच्या काळातील हत्यारे शेतांतून गोळा करून तो ती खोलवर ठेवत असे. पुटाची, भिंगाची, आकाराची कोणतीही ‘नकली ओळखा’ कसोटी लावली असती तरी ती पास झाली असती. पुढे फेरतपासणीत अनेक दगडांवर लोखंडाच्या गंजाच्या रेघा सापडल्या. त्या शेतीच्या अवजारांच्या होत्या. लाखो वर्षे खोल गाडलेल्या दगडावर त्या उमटण्याचे कारण नव्हते. दगड खरा होता, पत्ता खोटा होता आणि खोट्या पत्त्याने एका देशाचा इतिहास चुकवला.

आता याच्या विरुद्ध उदाहरण पाहा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील फॉल्सम येथे १९२७ मध्ये नामशेष झालेल्या जातीच्या गव्याच्या बरगड्यांमध्ये एक दगडी टोक दिसले. उत्खनन करणाऱ्यांनी ते उचलले नाही. काम थांबवून त्यांनी इतर तज्ज्ञांना बोलावले आणि टोक जागच्या जागी दाखवले. अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस माणूस होता की नाही, हा वर्षानुवर्षांचा वाद त्या एका टोकाने मिटवला. तेच टोक कोणी खिशात घालून आणले असते तर ते एक सुंदर दगड ठरले असते. त्याने काहीच सिद्ध झाले नसते.

कसोट्यांचा निकाल

तेव्हा पुस्तिकेतील यादीबद्दल माझा आक्षेप असा आहे. त्यातील बहुतेक कसोट्या वस्तूला नापास करू शकतात, पास करू शकत नाहीत. पोलादाचे कण, प्रदेशाला न शोभणारा आकार, बाणाला न पेलणारे वजन यांवरून आपण ‘नाही’ म्हणू शकतो. पण सर्व कसोट्यांना उतरलेला दगड अस्सल आहे, असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की तो अजून नाकारला गेलेला नाही. विज्ञानातील कोणत्याही अनुमानाची हीच स्थिती असते आणि विद्यार्थ्यांना ती समजावून देण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या याद्या दगड हातात घेतल्यानंतर सुरू होतात. पण निम्मा पुरावा दगड उचलताक्षणी नाहीसा झालेला असतो. खडूच्या खोक्यातील तुकडे नववीतल्या एका मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळा केले होते. मी त्याला विचारले, “अरे, हे पाते कोणत्या शेतात मिळाले?” तो थोडा ओशाळला. म्हणाला, “सर, तीन-चार गावांचे आहेत. धुऊन एकत्र ठेवले.” त्याची नजर तीक्ष्ण होती. तज्ज्ञ नसताना त्याने खरी पाती वेचली होती. त्याला फक्त कोणी सांगितले नव्हते की दगडाबरोबर पत्ताही जपायचा असतो. त्या उन्हाळ्यात कदाचित त्याने एखाद्या अज्ञात वस्तीचा माग काढला असेल. ती कोणत्या बांधावर होती हे आता त्यालाही सांगता येणार नाही.

शाळांनी काय करावे, हे त्यामुळे थोडक्यात सांगता येईल. शेतात असे दगड दिसले तर ते शक्यतो उचलू नयेत. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. हल्ली मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवता येतात, तेही घ्यावेत. गाव, शेताची जागा, मातीचा रंग, नदीपासूनचे अंतर, आसपास खापरे आहेत का, हे वहीत लिहावे. एका ठिकाणी पुष्कळ तुकडे असतील तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पत्र पाठवावे. पूर्वीच गोळा झालेले तुकडे असतील तर प्रत्येक गावाचे वेगळे पाकीट करावे, धुऊ नयेत आणि ज्याचे ठिकाण आठवत नाही त्यावर तसे प्रामाणिकपणे लिहावे. विकत तर काहीही घेऊ नये. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे दुकानातले बाणाग्र नकली असेल तर पैसे वाया जातात आणि अस्सल असेल तर आपण एका स्थळाच्या लुटीला हातभार लावतो. दोन्हीकडून नुकसानच.

निघण्यापूर्वी शिक्षकांनी मखमलीवरची चिठ्ठी काढून टाकली. मी त्यांना दोन्ही संच ठेवायला सांगितले, फक्त चिठ्ठ्या बदलायच्या. पहिलीवर त्यांनी लिहिले : ‘अकीकाची बाणाग्रे, बहुधा खंबायतची, आधुनिक.’ दुसरीचा मजकूर त्या मुलानेच सुचवला : ‘प्राचीन दगडी पाती. शहादा तालुका. गाव नोंदवायचे राहिले.’

प्रदर्शनातली तीच सर्वांत शास्त्रीय चिठ्ठी होती.